घरच्या स्टार्टरमध्ये सोयाबीन घातलं की पाड्यांना हागवण – मदत हवी आहे

सत्तरीकर:
वाळपईजवळ आमच्या सात संकरित जर्सी. यंदा पावसात तीन व्यायल्या, तीनही पाड्या. तयार काफ स्टार्टर (लहान वासरांचा कोरडा खुराक) परवडेना म्हणून घरीच मिश्रण केलं: मक्याचा भरडा ४० किलो, सोयाबीन ३०, खोबऱ्याची पेंड २०, गव्हाचा कोंडा १०, वर मिनरल मिक्स्चर. सोयाबीन कढईत भाजून गिरणीतून काढलं. पेंड गावच्या घाण्यावरची.

चौथ्या-पाचव्या दिवशी शेण पातळ, पिवळट, शेपटीला चिकटलेलं. दूध दोन वेळचं मिळून अडीच लिटर, त्यात बदल नाही. मिश्रण बंद केलं की दोन दिवसांत शेण बांधतं, सुरू केलं की पुन्हा तेच. डॉक्टर पाहून गेले, ताप नाही, जंताचं औषध झालं. शेजारचे काका म्हणतात, सोयाबीन काढ, सरकी पेंड घाल. बायको म्हणते, तू नीट भाजलंच नाहीस. गाभण गायी हेच आंबोण मजेत खातात, मग पाड्यांना का बाधतं?

पेडण्याचा गोठेवाला:
वहिनींचं ऐका. गाय रवंथ करते, तिच्या पोटातले जंतू बरंच काही मोडतात. महिन्याच्या पाडीचं ते पोट अजून तयारच नाही. कच्च्या सोयाबीनमधला ट्रिप्सिन इन्हिबिटर प्रथिनं पचू देत नाही. कढईत दाणा वरून करपतो, आत कच्चा राहतो.

घरीच बघा. मूठभर सोयाबीन पीठ, चिमूटभर युरिया, थोडं कोमट पाणी, झाकणाची बाटली. वीस मिनिटांनी झाकण काढून वास घ्या. नाकात झणझणीत अमोनिया आला तर भाजणं कमी पडलं. (हे पीठ फेकून द्या. वासरांना युरिया अजिबात नको.) पण म्हणून काळं करू नका, जास्त तापवलं की लायसिन (प्रथिनातला एक गरजेचा घटक) वाया जातं.

आणि काकांना सांगा, सरकी पेंडीतलं गॉसिपॉल लहान वासरांना विषासारखं. मोठ्या गायींना ठीक.

डिचोली_०७:
मी सोयाबीन सोडून सोया डीओसी (तेल काढलेली सोया पेंड) घेतो, कारखान्यातच वाफवलेली असते. मका ४५, डीओसी ३०, खोबरे पेंड १०, कोंडा १२, मिनरल २, मीठ १. प्रथिनं वीस-एकवीस टक्के बसतात. तरी डीओसीतल्या काही प्रथिनांची कोवळ्या आतड्याला ॲलर्जी होते, ती नुसत्या उष्णतेने पूर्ण जात नाहीत. म्हणून आधी मूठभर, मग आठवड्यागणिक वाढवा. बाहेर आंबवलेली सोया पेंडही मिळते, चांगली पण महाग.

खोबऱ्याची पेंड इतकी नको. लायसिन कमी, चोथा जास्त, आणि पावसात खवट होते. वास घेऊन बघा.

सत्तरीकर:
बाटली उघडली आणि डोळ्यांत पाणी आलं. बायको काही बोलली नाही, नुसती हसली. पेंडीलाही पोत्याच्या तळाशी खवट वास आहे, ते पोतं बाजूला ठेवलं. सध्या दूध आणि स्वच्छ पाणी एवढंच. शेण दोन दिवस घट्ट राहिलं की डीओसीचं मिश्रण मूठभर सुरू करतो.

एकच विचारायचं राहिलं: दूध तोडायचं कधी?

पेडण्याचा गोठेवाला:
वयापेक्षा खाणं बघा. सलग तीन दिवस रोज किलोभर स्टार्टर संपवते, मग हळूहळू कमी करा. सकाळचं उरलेलं संध्याकाळी तसंच पुढे सारू नका, या दमटात बुरशी लवकर धरते.

सत्तरीकर:
चवथीपर्यंत कळवतो.