अपडाऊन करणाऱ्यांना 'अप' कळत नाही म्हणे!

पासवाला_भुसावळ: काल इथे कुणीतरी लिहून गेलं, 'अप म्हणजे वर, वर म्हणजे उत्तर, म्हणून भुसावळहून दिल्लीची गाडी अप. आणि अपडाऊन हा अडाण्यांचा शब्द, ये-जा म्हणा.' रात्री झोप नाही आली. नकाशा भिंतीवरून उतरवा भो. मध्य रेल्वेत मुंबईकडे तोंड ती अप, पाठ ती डाऊन. इंग्रजांकडे लंडनला जाणारी अप, तीच रीत इकडे आली. पंजाब मेल मुंबईहून निघते ती 12137, डाऊन. परतीची 12138, अप. चढणीचाही संबंध नाही. मनमाड मुंबईपेक्षा साडेपाचशे मीटर उंच, तरी तिथून घाट उतरून मुंबईला जाते ती अपच.

तापीकाठ: रेल्वेचं रेल्वेपाशी. आमच्याकडे वर-खाली नदी ठरवते. तापी सुरतेकडे उतरते, म्हणून सुरत खाली. तुमच्या हिशेबाने जळगावहून सुरतेची गाडीही अप?

पासवाला_भुसावळ: अपच. पश्चिम रेल्वेचं तोंडही मुंबईकडेच.

तापीकाठ: पाणी खाली, गाडी वर. धन्य!

भरीतवाला: वर-खाली राहू द्या. या अपडाऊननं आमच्या गावची शाळा खाल्ली. मास्तर जळगावला, ग्रामसेवक भुसावळला, घरभाडे भत्ता मात्र मुख्यालयी, म्हणजे नेमणुकीच्या गावात, राहतो म्हणून. गाडी चुकू नये म्हणून चारलाच दप्तर आवरतात.

झेडपीची_बाई: खोली देता का गावात? मला दाखवली ती गोठ्याला लागून, संडास नाही. सासूबाईंचं डायलिसिस जळगावला. 2020 मध्ये पॅसेंजर बंद होत्या तेव्हा कोरोनाच्या सर्वेक्षणाला मी स्कूटीवर येत होते, मे महिन्याच्या उन्हात. तेव्हा गावातलं कुणी पाणी विचारलं नाही.

भरीतवाला: पेट्रोल भत्त्यातूनच ना?

झेडपीची_बाई: तोंड सांभाळून बोला. तुमची पोरं तरी त्या शाळेत आहेत का?

भरीतवाला: नाहीत. इंग्लिश मीडियमला घातली. का घातली तेही विचारा!

झेडपीची_बाई: म्हणजे तीही तालुक्याला अपडाऊनच करतात.

तापीकाठ: पासवाले, बरं, मानलं. रेल्वेपुरतं. पण मी राहतो जळगावला, नोकरी भुसावळला. म्हणजे पंधरा वर्षं मी डाऊनअप करतोय?

पासवाला_भुसावळ: हो. जळगाव मुंबईच्या बाजूला, म्हणून खरं अपडाऊन आमचं, भुसावळवाल्यांचं.

तापीकाठ: घ्या, यातही भुसावळच पुढे.

भरीतवाला: भत्त्याचं उत्तर अजून आलं नाही.