माळ्यावर निघालेली ठासणीची बंदूक: खरी जुनी की नक्कल?

करवीर_पेठ

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या एका वाड्याचं लाकूडकाम उतरवताना माळ्यावर, तुळईच्या मागे ही बंदूक निघाली. एकूण लांबी 55 इंच, नळी 39 इंच, तोंडाचा आतला व्यास 19 मिमीच्या आसपास. आतून गुळगुळीत, चर नाहीत. सामान पितळी. चकमकीचा घोडा, त्याच्या मानेत गोल भोक. नळी दस्त्यात कड्यांनी नाही, आडव्या खिळ्यांनी बसवली आहे. लॉकच्या (घोडा आणि बार पेटवायची यंत्रणा) पट्टीवर गंजाखाली मागच्या पायांवर उभा असलेला सिंह दिसतो. पण लॉकचा एक स्क्रू चक्क प्लस खाचेचा आहे.

घरात कुणाकडे शस्त्रपरवाना नाही. तीन गोष्टी विचारायच्या आहेत. ही कंपनी सरकारची बंदूक की शोभेची नक्कल? उद्यमनगरात बफिंग करून घेतलं तर चालेल का? आणि खंडेनवमीला पूजा करून एक बार काढावा असं थोरल्यांचं म्हणणं आहे, ते कितपत बरं?

गज_आणि_गोळी

ओळख नंतर. नळी रिकामी आहे का, हे आधी बघा. ठासणीच्या बंदुकीत भरलेला बार बाहेरून दिसत नाही आणि काळी दारू शंभर वर्षांनीही पेटते. ओल लागली म्हणजे ती कायमची मेली असं होत नाही, वाळली की पुन्हा जिवंत.

घोडा खाली असू द्या, त्याच्या जबड्यात गारगोटी असेल तर काढून ठेवा. बंदूक आडवी ठेवा, तोंड मोकळ्या भिंतीकडे, समोर कुणी नको, आणि तुम्ही स्वतः बाजूला उभे राहा. सरळ लाकडी काठी घ्या, करंगळीएवढी जाड. लोखंडी सळई नको. काठी हलक्या हाताने आत सरकवा, थांबेल तिथे नळीच्या तोंडाशी पेन्सिलने खूण करा. मग काठी बाहेर काढून नळीच्या वरून तशीच धरा, खूण तोंडाशी जुळवून. काठीचं टोक कानापाशी, म्हणजे नळीच्या बुडाशी बाजूला असलेल्या बारीक भोकापाशी (यातूनच आतली दारू पेटते) पोहोचलं तर नळी रिकामी. अर्ध्या इंचाहून जास्त अलीकडे राहिलं तर भरलेली समजायची. काठीचा आवाजही ऐका. बुडाच्या लोखंडावर टेकली तर टणक ठक्क येतो, डगळीवर (बारावर ठासलेल्या बोळ्यावर) टेकली तर दबका धप्प. कधी आत कुंभारमाशीचं मातीचं घर असतं आणि तेही असंच लागतं, पण ते मातीचंच आहे हे ठरवायचं काम आपलं नाही.

माप इथे टाका. तोवर कानात सुई, तार काही घालू नका.

तोडेदार

दिलेल्या मापांवरून ही 'इंडिया पॅटर्न' ब्राउन बेस, म्हणजे ब्रिटिश फौजेची ठासणीची बंदूक वाटते. 39 इंची नळी आणि पाऊण इंचाचं तोंड, म्हणजे 19 मिमी, ही तिची ठरलेली मापं. आधीच्या लाँग लँड बंदुकीची नळी 46 इंच आणि शॉर्ट लँडची 42. गज (बार ठासायची सळई) अडकवायची पितळी नळकांडी मोजा. इंडिया पॅटर्नला तीन असतात.

सिंहाबद्दल. ईस्ट इंडिया कंपनीची जुनी खूण म्हणजे चार भागांत विभागलेलं बदाम, त्यात व्ही, ई, आय, सी ही अक्षरं आणि वर इंग्रजी 4 सारखी आकृती. उभा सिंह, पुढच्या पंजात मुकुट धरलेला, ही खूण 1808 पासूनची. मानेत भोक असलेला घोडाही त्याच सुमाराचा. आधीचा हंसाच्या मानेसारखा बारीक घोडा मानेत मोडायचा, म्हणून ब्रिटिश सरकारी बंदुकीला 1809 मध्ये हा मजबूत घोडा आला. तेव्हा सिंह आणि गोल भोक यांचा मेळ बसतो. सिंहाखाली 1780 किंवा 1795 असलं साल कोरलेलं असेल तर मात्र नक्कल धरायची. सीमेपलीकडच्या बाजारांत बनलेल्या नकलांवर अशा चुका हमखास सापडतात, अक्षरंही उलटी किंवा वेडीवाकडी.

खरी खूण भिंगाखाली ओळखता येते. छिन्नीने कोरलेल्या किंवा ठशाने दाबलेल्या रेषेची कड धारदार असते, गंज चढला तरी खोलपणा राहतो. साच्यात ओतलेल्या पट्टीवरचा सिंह सुजल्यासारखा, गोलट कडांचा दिसतो आणि आसपास टाचणीच्या टोकाएवढी भोकं असतात.

यापेक्षा मोठा पुरावा नळीचा. घडलेली नळी बुडाशी जाड आणि तोंडाकडे निमुळती असते. कॅलिपरने बुडाशी, मध्ये आणि तोंडाशी असे तीन बाहेरचे व्यास घ्या. तिन्ही सारखे आले तर तो बाजारातला पाइप. टॉर्च लावून आत बघितलं की अशा पाइपात वेल्डिंगची एक सरळ शिवण तोंडापासून आत गेलेली दिसते. एक सरळ लांब रेघ, बाकी सगळं एकसारखं. जुन्या नळीत कानाजवळ खड्डे आणि तोंडाजवळ झीज, अशी अनियमित खरडण असते. कानाची कडही बघा. वापरातला कान झिजून पसरट होतो, ड्रिलने नुकताच पाडलेला अगदी गोल.

प्लस खाचेच्या स्क्रूने घाबरू नका. ती खाच 1930 च्या दशकातली. त्यावरून एवढंच कळतं की तो स्क्रू नंतर बदलला. बाकीचे स्क्रू बघा. जुन्यांची खाच अरुंद, आटे हाताने पाडलेले, एकाचा स्क्रू दुसऱ्याच्या भोकात नीट बसत नाही. सगळे एकाच मापाचे मेट्रिक निघाले तर शंका घ्या. लाकडावरून घाई करू नका. मूळ विलायती दस्ता अक्रोडाचा असतो, पण दस्ता मोडला की इथल्याच लाकडाचा नवा बसवला जायचा. रंग लावून जुनं केलेलं लाकूड पितळी पट्ट्यांखाली फिकं राहतं.

न्यू पॅलेसच्या संग्रहालयात शस्त्रं मांडली आहेत. खऱ्या जुन्या पितळावर आणि लोखंडावर काळाची पुटं कशी चढतात ते तिथे निवांत बघून या. फोटोत ते कळत नाही.

रंजकदाणी

बफिंग नको, हे मोठ्याने सांगतो. बफाचं चाक दहा मिनिटांत सिंह, ठसे आणि कडा सगळं सपाट करतं, आणि मग बंदूक खरी असली तरी दाखवायला काही उरत नाही. दुसरं, चाकाखाली नळी चांगलीच तापते. आत बार असेल तर काय होईल, ते सांगायला नको. रिकामी असल्याची खात्री झाल्यावर सुती फडकं, थोडं हलकं मशीन तेल आणि धीर, एवढंच साहित्य. तपकिरी गंज धरून बसलेला असेल तर राहू दे. लाल, सुटणारा गंज तेवढा तेलात भिजवून तांब्याच्या पट्टीने हलका खरडायचा. सँडपेपर, लिंबू, चिंच वर्ज्य. चिंचेने पितळ चकाकतं, पण बाजूच्या लोखंडाला आणि लाकडाला आम्ल लागतं.

बार काढण्याबद्दल. जुन्या नळीतून बार काढूच नये. आतले खड्डे, चिरा दिसत नाहीत. गोळी दारूला टेकलेली नसेल आणि मध्ये मोकळी जागा राहिली तर नळी तिथे फुगते किंवा फुटते. हल्लीची धूरविरहित दारू घातली तर दाब कित्येक पट, नळी हातात फुटणार.

परदेशात ठासणीच्या नेमबाजीची एमएलएआयसी ही संघटना 1971 पासून आहे. तिच्या बऱ्याच स्पर्धांत अस्सल बंदूक आणि नक्कल वेगवेगळ्या गटांत धरतात. तिथेही बंदुकीत दारू थेट शिंगातून (दारू साठवायच्या शिंगाच्या भांड्यातून) ओतू देत नाहीत. प्रत्येक बाराची दारू वेगळ्या कुपीत मोजून आणायची. कारण साधं आहे, आधीच्या बाराची ठिणगी आत राहिली तर कुपीतली तेवढीच पेटते, पूर्ण शिंग हातात नाही. नेमबाजीसाठी बनवलेल्या इटालियन नकला ओळखायला सोप्या: नळीवर पी, एन ही काळ्या दारूच्या चाचणीची खूण, आणि 1975 नंतरच्या असतील तर चौकटीत सालाची दोन अक्षरं. बऱ्याचदा ही अक्षरं दस्त्याखाली झाकलेली असतात.

करवीर_पेठ

मापं घेतली. नळीच्या तोंडापासून कान 38¼ इंचावर. काठी 35¼ वर थांबली. आवाज धप्प. नळकांडी तीन. नळी बुडाशी जाड, तोंडाकडे निमुळती, शिवण नाही. सिंहाच्या पंजात मुकुट आहे, साल दिसत नाही. बाकीचे स्क्रू अरुंद खाचेचे.

गज_आणि_गोळी

तीन इंच कमी, म्हणजे भरलेली समजा. पाऊण इंची तोंडाचा दारू, गोळी आणि कागद असा पुरा बार साधारण एवढीच जागा घेतो. आता हात लावू नका. पेचकस बसवून गोळी ओढायची, कानातून हवा मारायची, ड्रिल, गॅसकटर, वेल्डिंग, काहीही नको. तेल किंवा पाणी ओतून "निकामी केली" असंही समजू नका. लहान मुलं जात नाहीत अशा खोलीत, तोंड बाहेरच्या जाड भिंतीकडे करून ठेवा, चुलीपासून आणि देवघरातल्या समईपासून लांब. पूजा करायचीच तर बंदूक काढून दाखवायची गरज नाही.

तोडेदार

लॉक, नळी आणि सामान यांचा मेळ बसतो. मला ही 1808 नंतरची, खरी कंपनीची बंदूक वाटते, एक स्क्रू बदललेली. पण म्हणूनच कायद्याचा प्रश्न मोठा होतो. शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 45 मध्ये जुन्या पद्धतीच्या किंवा पुरातन मोलाच्या शस्त्राला सूट आहे, पण अट अशी की ते दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येऊ नये. भरलेली, चालू लॉकची बंदूक त्यात बसत नाही. जुनी आहे म्हणून परवाना नको, हा समज चुकीचा आहे. आधी जवळच्या पोलीस ठाण्यात फोन करून लेखी कळवा, "भरलेली असण्याची शक्यता" असा शब्द घालून. स्वतः रिक्षात घालून नेऊ नका, त्यांना बोलवा. नळीतला बार उपसून ती रिकामी करणं हे त्यांच्या शस्त्रकारागिराचं काम. परवाना किंवा वारसा याची वाट पुढे जिल्हाधिकारी कार्यालयातून. शंभर वर्षांवरच्या वस्तूंना 1972 चा पुरावशेष कायदाही लागतो, त्यामुळे परदेशातल्या गिऱ्हाइकाला विकण्याचा विचार सोडा.

जमा करण्याआधी तोंडासमोर न जाता चारही बाजूंनी फोटो काढा, सिंहाचा जवळून, बाजूला पट्टी ठेवून. पावतीवर एकूण लांबी, नळीची लांबी, सिंहाची खूण आणि "नळीत बार" हे सगळं स्पष्ट लिहून घ्या. नुसतं "जुनी बंदूक, एक नग" असं लिहिलेली पावती घेऊ नका.