नुसत्या योगायोगानं डोळा कसा काय बनला?

परभणीकर: उत्क्रांतीत बदल रँडम असतेत म्हणं, मग डोळा कसा काय बनला राव, डोक्यातच बसंना

जालन्याचा कोडर: बदल रँडम असतेत, पण कोणता टिकणार ती निवड रँडम नसती. ४ आकड्यांचं कुलूप घे, १०,००० कॉम्बिनेशन, पण बरोबर आकड्याला टक वाजून तो तिथंच टिकला तर जास्तीत जास्त ४० प्रयत्नात उघडतंय. डोळाबी तसाच, कामाचा बारका बदल टिकत टिकत बनला. नासानं २००६ ला एसटी५ नावाच्या छोट्या उपग्रहांवर असाच प्रोग्रॅमनं उत्क्रांत केलेला अँटेना पाठवला, दिसायला वाकडी पेपरक्लिप!

कापूसवाला: आमच्या रानात गुलाबी बोंडअळी हेच करायली. बीटी कपाशीत अळी मारणारं विष असतंय, ते पचवणाऱ्या वाचल्या, त्यांचीच पिलावळ वाढली, म्हणून कडंला नॉन-बीटी लावा म्हणायलेत, म्हणजे साध्या अळ्याबी जगून त्यांच्यात मिसळतील, लावतंय कोण

परभणीकर: पण कुलपाचं उत्तर आधीच ठरलेलं असतंय ना?

जालन्याचा कोडर: हाव, तिथं उपमा लंगडी पडती. निसर्गाला टार्गेट नसतंय, त्या टायमाला जगून पिल्लं झाली की पास