अमेरिकन ऑर्केस्ट्रा: कशाने सुरुवात करू?

दांडियाबाजारकर: बडोद्यातल्या आमच्या मंडळाचं श्रवणसत्र माझ्या गळ्यात पडलंय. अमेरिकेतल्या निरनिराळ्या समाजांचं संगीत हवं. मंडळी भीमपलासवाली, सिम्फनी (ऑर्केस्ट्राची अनेक भागांची लांब रचना) म्हटलं की नजर चहाकडे. सुचवा काहीतरी.

रावपुरेकर: फ्लॉरेन्स प्राइस, कृष्णवर्णीय अमेरिकन संगीतकार. तिची पहिली सिम्फनी १९३३ मध्ये शिकागो सिम्फनी ऑर्केस्ट्राने वाजवली. मोठ्या अमेरिकन ऑर्केस्ट्राने कृष्णवर्णीय स्त्रीची सिम्फनी वाजवण्याची ती पहिलीच वेळ. अख्खी नको, तिसराच भाग लावा. तो जुबा नाच: गुलामीत ढोलांवर बंदी, मग लोक मांड्या-छातीवर थापा मारून ताल धरत. पाय हलणारच.

फाफडाप्रेमी: विल्यम ग्रँट स्टिलही घ्या, तोही कृष्णवर्णीय अमेरिकन संगीतकार! १९३० ची सिम्फनी, त्यात चक्क बँजो. वरातीतला कळा दाबून वाजवायचा बेंजो नव्हे हो, गिटारसारखा छेडायचा.

दांडियाबाजारकर: काका, मग आधी बँजोच. जोशीबुवा तेवढ्यासाठी तरी बसतील.