मदत हवी आहे: 'पीटी ३००' म्हणजे काय?

चिंगी_नाशिककर: कागदावर नुसतं 'पीटी ३००' लिहिलंय. मागच्या वेळी २०० होतं. एकदम १०० कसे वाढले? गूगलून डोकं उठलं, दर ठिकाणी वेगळाच अर्थ. लवकर सांगा, उद्या जाऊन भांडायचंय.

खोडसाळ: कसला कागद?

ओ_पॉझिटिव्ह: लॅबचा असणार. पीटी म्हणजे प्रोथ्रॉम्बिन टाइम, रक्त गोठायला किती सेकंद लागतात ते. वडिलांच्या हृदयाची झडप बदलल्यापासून वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारी गोळी) चालू आहे, त्यामुळे आमच्याकडे पीटी-आयएनआर तपासणी नेहमीचीच. ३०० हा दर असेल. दुसरी लॅब बघा.

वायरमन_दादा: विजेचं काही असेल तर पोटेन्शियल ट्रान्सफॉर्मर. ११ केव्हीचा दाब मीटरला झेपत नाही, तो ११० व्होल्टवर उतरवून देतो. कनेक्शन एचटी (उच्च दाबाचं) आहे का?

चिंगी_नाशिककर: अहो, टू बीएचकेत एचटी कुठून येणार? ऑफिसचा कागद आहे.

खोडसाळ: सॅलरी स्लिप म्हणा की मग! फेब्रुवारीची का?

चिंगी_नाशिककर: हो. कसं कळलं?

हिशेबनीस: प्रोफेशन टॅक्स, म्हणजे व्यवसाय कर. राज्यघटनेच्या कलम २७६ प्रमाणे वर्षाला २,५०० च्या वर घेता येत नाही. महाराष्ट्रात अकरा महिने २०० आणि फेब्रुवारीत ३००, करा बेरीज. मार्चला परत २००. भांडू नका.

सांगलीचा_बाळू: थांबा! ताईंचा पगार किती? १ एप्रिल २०२३ पासून महिलांना महिना २५,००० पर्यंत हा कर माफ आहे.

चिंगी_नाशिककर: हातात २३,१०० येतात. म्हणजे इतके दिवस फुकट कापले??

हिशेबनीस: बाळू, उगाच आगीत तेल ओतू नका. हातात येतात ते नव्हे, पीएफ वगैरे कापायच्या आधीचा एकूण पगार धरतात.

सांगलीचा_बाळू: तेल कसलं? नियम सांगितला. आमच्याकडे एकीला २४ हजारांवरही कापत होते, अर्ज दिल्यावर थांबलं.

शनिवारची_शाळा: पीटी म्हटलं की पांढरे कॅनव्हासचे बूट! धुवायचे राहिले तर वर्गातला खडू फासून मैदानात. आताच्या पोरांना कवायत म्हणजे काय ते तरी...

खोडसाळ: वेगळा धागा काढा हो.

चिंगी_नाशिककर: एकूण २६,०४० दिसतंय.

हिशेबनीस: मग कापलाय तो बरोबर. जुन्या करप्रणालीत असाल तर हे २,५०० रिटर्न भरताना पगारातून वजा होतात, नवीन प्रणालीत नाही.

दिल्लीकर_मराठी: आमच्या दिल्लीत हा करच नाही. या इकडे.

चिंगी_नाशिककर: घरभाडं तुम्ही देणार का?