पुण्याजवळ ओसाड पडलेली, झाडीने गिळलेली जुनी गावं-वाडे कुठे बघता येतील?

उनाड_कोथरूड

मंडळी, एक विचारायचं होतं. सिंहगड राजगड तोरणा सगळं करून झालंय आणि आता रविवारी तिथे गेलं की लक्ष्मी रोडवर आल्यासारखं वाटतं. मध्यंतरी वेल्ह्याकडे बाईकवर फिरताना रस्ता सोडून आत एक पडकं घर दिसलं, छप्पर गेलेलं, चुलीच्या जागी घाणेरी माजलेली आणि मधल्या भिंतीतून उंबर सरळ वर गेलेला, त्याच्या मुळांनी खिडकीच्या चौकटीला असं आवळलं होतं की भिंत कुठे संपते आणि झाड कुठे सुरू होतं तेच कळेना. तेव्हापासून डोक्यात तेच. तर अशा जागा पुण्यापासून एका दिवसात जाऊन येण्यासारख्या कुठे आहेत? शोधायच्या कशा? आणि आत जाणं कितपत सेफ आहे, परवानगी वगैरे लागते का? भुताखेताच्या गोष्टी नकोत, त्यासाठी यूट्यूब आहे.

घाटपायवाट

सगळ्यात सोपं म्हणजे धरणांपासून सुरू कर. पुणे जिल्ह्यात धरणं इतकी की पाण्याखाली गेलेलं गाव शोधायला लांब जावं लागत नाही. उजनीच्या फुगवट्यात पळसदेव आहे, सोलापूर रोडने भिगवणच्या पुढे, तिथलं पळसनाथाचं जुनं देऊळ पाणी खूप खाली गेलं की उघडं पडतं. पवनेत वाघेश्वर. भाटघरच्या पाण्यात वेळवंडीच्या पात्रात कांबरेश्वर, गावकरी पांडवकालीन म्हणतात, आपल्याकडे वय माहीत नसलेलं प्रत्येक देऊळ पांडवकालीनच असतं ते सोड, पण बघण्यासारखं आहे. ही तिन्ही उन्हाळ्याच्या शेवटी शेवटी, साधारण मे मध्ये, आणि तेसुद्धा त्या वर्षीच्या पाण्यावर. उजनीचं काय आहे की उपयुक्त साठा संपला की टक्केवारी शून्याच्या खाली मोजतात, पेपरात 'उजनी मायनसमध्ये' असं येतं ना तेच, ती भरपूर मायनस झाली की समज पळसदेव उघडं पडणार. २०२४ च्या उन्हाळ्यात अख्खं देऊळ बाहेर होतं.

धरणाशिवायच्या जागा शोधायच्या तर गूगल अर्थवर जुन्या तारखांचे फोटो बघता येतात, एप्रिल-मेचे निवड, गवत वाळलेलं असतं त्यामुळे घरांच्या जोत्यांचे चौकोन स्पष्ट दिसतात. चौकोनी शेतांच्या मधोमध चिंच-वडाचा मोठा झुबका आणि आजूबाजूला एकही घर नाही असं दिसलं की बहुतेक ते जुनं गावठाण. आणि कुठल्या गावाच्या नावात 'नवीन' किंवा 'पुनर्वसित' असेल तर जुनं कुठेतरी आहेच की. बाकी टपरीवर चहा घेत विचारणं याला तोड नाही, गुराख्यांना सगळं ठाऊक असतं.

पावसाळ्यात मात्र जाऊ नको. हिरवंगार दिसतं म्हणून सगळे तेव्हाच जातात पण पाय कुठे पडतोय ते दिसत नाही आणि जुन्या गावठाणात आड असतात, कठडा ढासळलेला, वरून वेल पसरलेली. हातात काठी ठेव आणि पुढे आपटत चाल.

भीमाकाठचा

पळसदेवचं नाव निघालं म्हणून लिहितो. आमचं जुनं घर उजनीच्या पाण्यात आहे. गाव उठलं तेव्हा वडील शाळेत होते. पाणी उतरलं की आम्ही म्हाताऱ्या माणसांना घेऊन जातो, भिंती कधीच विरघळल्या, राहिली फक्त दगडी जोती, आणि तेवढ्यावरून चुलती बरोबर सांगते की हे अमक्याचं, हा बोळ, इथे आपला उंबरा. आमच्या ओट्यावरचं उखळ अजून जागेवर आहे, जमिनीत पुरलेलं असतं ना ते, आत गाळ भरलेला, तो हाताने काढला की कांडून कांडून गुळगुळीत झालेली आतली बाजू लागते.

हे अशासाठी सांगतोय की लोक येतात, या की, कोणी नाही म्हणत नाही, पण वीरगळावर, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मारकशिळेवर, बूट ठेवून फोटो काढतात, एकदा तर प्रीवेडिंगवाले नंदीवर बसवून शूट करत होते नवरीला. आणि काही जण जात्याची तळी, कोरीव दगड गाडीत घालून नेतात, फार्महाऊसला शोभेसाठी. सामान नेलं तर चुलतीनं ओळखायचं कशावरून?

पाण्याच्या कडेला गाळाची फार काळजी घ्या. वरून वाळून भेगा पडलेला दिसतो, आत ओला असतो, गुडघ्यापर्यंत पाय जातो आणि मग चप्पल तिथेच. होडीत बसायचं तर सकाळी, उन्हाळ्यात दुपारनंतर वारं सुटतं. २०२४ च्या मे मध्ये कुगाव ते कळाशी जाणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले, विसरू नका.

रानभाजीवाली

झाडांबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. तुम्ही पाहिलेला उंबर कोणी लावलेला नसणार. वड पिंपळ उंबर ही सगळी एकाच कुळातली मंडळी, फळं खाल्ली बुलबुलाने नाहीतर वटवाघळाने, विष्ठा पडली भिंतीच्या सांध्यात, दगडांमधल्या चुन्याच्या फटीत ओल धरून राहते, झालं, रुजलं. मग मुळं सांध्यासांध्यातून खाली जमिनीपर्यंत जातात आणि जाडी वाढली की दगड बाजूला सारतात. गंमत अशी की भिंत फोडतं तेच झाड आणि नंतर धरून ठेवतं तेही तेच, म्हणून जुन्या बांधकामावरचा पिंपळ कोणी उत्साहात तोडला की पुढच्या पावसात भिंत बसते. तोडल्यावर मुळं आत कुजतात आणि जागा पोकळ होते.

ओसाड जागा किती जुनी याचा अंदाज झाडांवरून येतो. नुसतं गाजर गवत, टाकळा, एरंड दिसला तर माणसं जाऊन फार काळ झालेला नाही. घाणेरी आणि रानमोडी माजली की बरीच वर्षं झाली, या दोन्ही बाहेरून आलेल्या, एकदा शिरल्या की खाली दुसरं काही येऊ देत नाहीत. सीताफळ मात्र मला सगळ्यात आवडतं, पडक्या वाड्यांच्या आणि किल्ल्यांच्या आसपास ते हमखास असतं, गुरं तोंड लावत नाहीत आणि खडकाळ जागेत मजेत वाढतं. फळं काढायच्या आधी विचारा बरं का, ओसाड दिसलं तरी सीताफळाला मालक असतोच 😄

तुळई_कडीपाट

सेफ्टीबद्दल कोणी नीट लिहिलं नाही म्हणून मी. वाडा असेल तर माडीवर चढायचं नाही, विषय संपला. आपल्या वाड्यांचं वजन लाकडी खांब-तुळयांवर असतं, वर कडीपाट, म्हणजे लाकडी कड्यांवर फळ्या, आणि त्यावर मातीचा थर. छप्पर गेलं की ती माती पाणी पिते आणि वजन वाढतं, आणि वाळवी लाकूड आतून खाते, बाहेरची कातडी तशीच ठेवते, त्यामुळे तुळई दिसायला धडधाकट आणि आतून भुसा. बोटाने ठोकून बघा, पोकळ वाजते. भिंतीच्या कडेने चाला वगैरे सल्ले ऐकू नका, माडीवर जाऊच नका.

आग्यामोहोळ कमानीखाली किंवा देवळाच्या शिखराला असतं. तिथे सेंट मारून जाऊ नका, सिगरेट नको, ड्रोन तर अजिबात नको. साप असणारच. दगड उचलायचा नाही, फुरसं त्याखालीच असतं. चावलं तर कापायचं नाही, आवळून बांधायचं नाही, चावलेला भाग हलू द्यायचा नाही आणि १०८ ला फोन किंवा सरळ सरकारी दवाखाना. जुन्नर, आंबेगाव, शिरूरकडे जाणार असाल तर उसाच्या पट्ट्यात बिबट्या आहे, दिवस मावळायच्या आत डांबरी रस्त्यावर या.

परवानगीचं म्हणाल तर वनखात्याची जमीन असेल तर वनरक्षकाला विचारा, भीमाशंकर तर अभयारण्यच आहे. बाकी ठिकाणी गावात एखाद्या घरी सांगून जा. कुदळ-फावडं सोबत दिसलं तर लोक गुप्तधनवाले समजतात आणि मग तुमचं ऐकून कोणी घेत नाही, माझ्या एका मित्राला मेटल डिटेक्टरमुळे तीन तास पारावर बसवून ठेवलं होतं.

घाटपायवाट

मेटल डिटेक्टर घेऊन गेला तर बसवणारच ना 😂 गावकऱ्यांचं काय चुकलं?

मातीचं_भांडं

वेगळं काही सुचवतो. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे, डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ तिथे खोदकाम केलं. साधारण इसवी सनपूर्व १६०० ते ७०० या काळात तिथे लोक राहत होते आणि मग वस्ती उठली. एका घराच्या अंगणात चार पायांच्या मोठ्या मातीच्या रांजणात पुरलेला माणूस सापडला होता. आता तिकडे गेलात तर बघायला जवळपास काही नाही. पण ओसाड गावांचं वेड लागलं असेल तर एकदा तिकडूनही चक्कर मारा, म्हणजे इथली वस्ती उठणं किती जुनं आहे ते लक्षात येतं. फोटोसाठी जाणार असाल तर मात्र पेट्रोल वाया.

उनाड_कोथरूड

बापरे एवढं सगळं! सगळ्यांना धन्यवाद. मे पर्यंत थांबतो मग आणि पळसदेवला जातो, ड्रोन घरी ठेवून. भीमाकाठचा, एक विचारू का, तुम्ही लोक जाता त्या दिवशी आलो तर चालेल? म्हणजे काकूंकडून कुठलं घर कुणाचं ते ऐकायला आवडेल, त्यांना चालणार असेल तरच. वाटलं तर त्या सांगतील तसा कागदावर नकाशा काढून देईन, माझं कामच ड्राफ्टिंगचं आहे.

भीमाकाठचा

चालेल की. पण ती एकदा सुरू झाली की अख्ख्या आळीची भांडणंसुद्धा सांगते, कोणी कुणाचा बांध कोरला ते, मोठा कागद आणा. पाणी किती उतरतंय बघून एप्रिलअखेर मेसेज टाकतो. सकाळी सातला तिथे पोचावं लागेल, नऊनंतर ऊन सोसत नाही तिला. आणि येताना भिगवणला मासे खाऊन मगच पुण्याला जा.