‘हिस्टॉरिक’ की ‘हिस्टॉरिकल’, ‘क्लासिक’ की ‘क्लासिकल’?

पुस्तकघर:
नमस्कार. आमच्या गावच्या वाचनालयाचे वार्षिक पत्रक परदेशी स्थायिक झालेल्या देणगीदारांसाठी मी इंग्रजीत करते. यंदाच्या मजकुरात ‘३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा ऐतिहासिक निर्णय झाला’ असे वाक्य आहे आणि त्याच पानावर आमच्याकडील ऐतिहासिक कादंबऱ्यांचा व मोडीतील ऐतिहासिक कागदपत्रांचा उल्लेख आहे. मी ‘क्लासिक लँग्वेज’ लिहिले आणि बाकी तिन्ही ठिकाणी ‘हिस्टॉरिकल’ वापरले. मजकूर तपासणाऱ्या शिक्षकांनी ‘क्लासिक’खाली आणि निर्णयाच्या ‘हिस्टॉरिकल’खाली रेघ ओढली, परंतु कारण लिहिले नाही. माझ्याजवळच्या शब्दकोशात ‘हिस्टॉरिक’ आणि ‘हिस्टॉरिकल’ या दोन्ही शब्दांपुढे ‘ऐतिहासिक’ असेच दिलेले आहे. मग निवड कशाच्या आधारे करावी?

शब्दार्थी:
शब्दकोशातील अर्थ चुकीचा नाही, अपुरा आहे. मराठीतील ‘ऐतिहासिक’ हा शब्द दोन अर्थ वाहतो: इतिहासाशी संबंध असणे आणि इतिहासात नोंद व्हावी इतके महत्त्व असणे. त्यांपैकी कोणता अर्थ घ्यायचा हे पुढच्या नामावरून आपल्याला आपोआप कळते, त्यामुळे आपले कुठे अडत नाही. इंग्रजीतही ही दोन रूपे बराच काळ एकमेकांच्या जागी वापरली जात होती. पुढे त्यांनी काम वाटून घेतले. आज संबंध सांगायचा असेल तर ‘हिस्टॉरिकल’ आणि महत्त्व सांगायचे असेल तर ‘हिस्टॉरिक’ असा सर्वसाधारण वापर आहे.

कादंबरी इतिहासावर बेतलेली असते, म्हणून ती ‘हिस्टॉरिकल’. ती कितीही सुमार उतरली तरी हे विशेषण तिला लागू राहते. तिला ‘हिस्टॉरिक’ म्हटले, तर तिच्यामुळे साहित्याला नवे वळण मिळाले असा अर्थ होईल. ६ जून १६७४ रोजी रायगडावर झालेला राज्याभिषेक ‘हिस्टॉरिक’ आहे, तर त्याची माहिती देणाऱ्या बखरी आणि पत्रे ही ‘हिस्टॉरिकल’ साधने आहेत. आपल्या मोडी कागदांत एखाद्या कुळाने भरलेल्या साऱ्याची नोंद असेल, तर तो कागद ‘हिस्टॉरिकल’ म्हणावा. ‘हिस्टॉरिक’ न म्हटल्याने त्याचे मोल उणावत नाही. अशा साध्या नोंदींवरच गावगाड्याचा इतिहास उभा राहतो, असे माझे ठाम मत आहे. शंका आल्यास ‘इतिहास घडवणारा’ हे शब्द त्या जागी घालून पाहावेत. निर्णयाला ते शोभतात, साऱ्याच्या नोंदीला शोभत नाहीत.

मध्यमसूर:
‘अभिजात’ची गाठ याहून घट्ट आहे, कारण इथेही मराठी शब्द एकच आहे. ‘अभिजात कलाकृती’ म्हणताना आपल्या मनात काळाच्या कसोटीला उतरलेली, आदर्श मानली जाणारी कृती असते, ती ‘क्लासिक’. ‘अभिजात भाषा’ म्हणताना प्राचीनता आणि साहित्यपरंपरा अभिप्रेत असते, ती ‘क्लासिकल’. केंद्र शासनाची संज्ञाही हीच आहे आणि २००४ मध्ये तमिळला पहिल्यांदा हा दर्जा मिळाला तेव्हापासून ती रूढ आहे. शिवाय ‘क्लासिक’चा आणखी एक अर्थ ‘नमुनेदार’ असा होतो. हुडहुडी भरून ताप चढणे आणि मग घाम येऊन तो उतरणे ही हिवतापाची ‘क्लासिक’ लक्षणे. त्यामुळे आपल्या वाक्यात तो शब्द राहिला असता, तर वाचणाऱ्याचा नक्कीच गोंधळ झाला असता.

मी गाणे शिकते, म्हणून हा फरक माझ्या रोजच्या बोलण्यातला आहे. आपले शास्त्रीय संगीत ‘क्लासिकल’. जुने, सर्वांच्या ओठांवरचे चित्रपटगीत मात्र ‘क्लासिक’. एक अपवाद ध्यानात ठेवावा: विद्यापीठांत ग्रीक आणि लॅटिन भाषा-साहित्याच्या अभ्यासाला ‘क्लासिक्स’ म्हणतात.

पुस्तकघर:
दोघांचेही मनापासून आभार. आता एकच शंका उरते. आमचे वाचनालय शंभरी ओलांडलेल्या वाड्यात आहे. तिथे इतिहास घडवणारे काही झाले नाही, तरीही त्याला ‘हिस्टॉरिक’ म्हणता येईल का?

जुना अनुवादक:
म्हणता येईल. वास्तू आणि स्थळे यांच्या बाबतीत, जतन करण्याजोगे जुनेपण असले, तरी ‘हिस्टॉरिक’ हाच शब्द रुळलेला आहे. इंग्लंडमध्ये जुन्या वास्तूंची काळजी वाहणाऱ्या शासकीय संस्थेचे नाव ‘हिस्टॉरिक इंग्लंड’ आहे आणि अमेरिकेचा १९६६ चा वास्तुजतनाचा कायदाही हेच विशेषण वापरतो. इतिहासाचा अभ्यास करणारे मंडळ असेल, तर मात्र ते ‘हिस्टॉरिकल सोसायटी’. हिशेबनिसांच्या भाषेत मालमत्तेच्या मूळ खरेदी-किमतीला ‘हिस्टॉरिक कॉस्ट’ असेही म्हणतात. तिथे महत्त्वाचा काहीच संबंध नसतो. म्हणून वरचा नियम मार्गदर्शक समजावा आणि नामाबरोबरची जोडी ऐकून पक्की करावी.

पत्रकात वाचनालयाच्या खर्चाचा भाग असेलच, म्हणून आणखी एक जोडी सांगतो. ‘इकॉनॉमिक’ म्हणजे अर्थव्यवस्थेशी किंवा पैशाच्या व्यवहाराशी संबंधित आणि ‘इकॉनॉमिकल’ म्हणजे काटकसरीचा, कमी खर्चात भागणारा. आर्थिक धोरण पहिल्यात बसते, कमी वीज खाणारा दिवा दुसऱ्यात. क्रियाविशेषण करताना हा भेद पुसला जातो, कारण दोन्हींचे रूप ‘इकॉनॉमिकली’ असेच होते. २०१९ च्या १०३ व्या घटनादुरुस्तीतील ‘आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक’ इंग्रजीत याच शब्दाने लिहिले जातात आणि ‘काटकसरीने चालवलेले वाचनालय’ म्हणतानाही तोच शब्द येतो. तेव्हा त्या जागी क्रियाविशेषण टाळून ‘कमी खर्चात चालवलेले’ अशा अर्थाची सरळ रचना करावी.